प्रकरण अभ्यास: ओला गालिचा, जुनी कन्व्हर्टिबल आणि मोजके पैसे

गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, कन्व्हर्टिबल म्हणजे छत मिटवता येणारी. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, काळं व्हिनाईलचं छत, मागे चेन लावलेली प्लास्टिकची खिडकी. मीटरवर १,७४,००० किमी आणि सर्व्हिसची एकही नोंद नाही. नव्या मालकाने दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम खरेदीच्या किमतीच्या साधारण पाव होती. हत्यारं घरची, जागा सपाट आणि आडोशाची, वेळ शनिवार-रविवारचा. खर्चाचा हिशेब समजावा म्हणून या रकमेचे शंभर वाटे धरू.

मालकाची तक्रार एकच होती: डाव्या सीटमागचा गालिचा ओला राहतो, वास येतो. छताला सांध्याजवळ चार सेंटिमीटरची फाट होती, म्हणून निष्कर्षही तयार होता: नवं छत टाकायचं. पन्हाळीसकट नव्या छताला शंभरातले ५५ वाटे लागत होते. ऑर्डर जायच्या आत गाडी नीट तपासली गेली, हे नशीब. कारण गालिचा भिजवणारं पाणी त्या फाटीतून येतच नव्हतं.

पाण्याची वाट

या गाडीत छतावरचं पाणी थेट बाहेर पडत नाही, ते गाडीच्या पोटातून जातं. छताच्या मागच्या कडेवरून ओघळलेलं पाणी फटीतून आत एका प्लास्टिकच्या पन्हाळीत पडतं. ही पन्हाळ दोन्ही सीटांच्या मागून आडवी जाते आणि दोन्ही टोकांना उतरती असते. टोकाशी, सीटबेल्टच्या खांबामागे, एकेक भोक आहे. तिथून रबरी नळी खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली उघडते. नळी तुंबली की पाणी भोकाच्या तोंडाशी साचतं आणि काठ ओलांडून गालिच्यावर उतरतं. छत अगदी नवं असलं तरी हेच होणार.

तपासणीला एक तांब्या पुरतो. छत अर्धं उचलून धरायचं, टॉर्च मारून भोक शोधायचं आणि अर्धा लिटर पाणी बारीक धारेने ओतायचं. दुसऱ्याने गाडीखाली पाहायचं. टिपटिप नको, धार पडायला हवी. या गाडीत उजव्या बाजूला टिपटिप होती. डावीकडे काहीच नाही: तांब्या अर्धा व्हायच्या आत पाणी भोकाच्या वर चढलं आणि गालिच्याच्या काठावर चमकायला लागलं.

डावी नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची ३ मिमीची नायलॉनची दोरी वापरली. टोक मेणबत्तीवर धरून गोल करून घ्यायचं, नाहीतर ते रबराला ओरखडतं. दोरी ढकलत न जाता बोटांत फिरवत आत सोडायची, अडली की मागे घ्यायची, कोमट पाणी ओतायचं, परत फिरवायची. मध्येच ओलं खेचू शकणाऱ्या व्हॅक्यूमचं तोंड भोकाला चिंधीने बसवून ओढ दिली. कुजलेल्या पानांचा काळा गाळ, जुन्या फोमचा भुगा आणि त्यात रुजलेलं एक कोवळं रोप, पांढऱ्या मुळासकट, असा ऐवज निघाला. चाळीस मिनिटांनी धार सुरू झाली.

उजवीकडे मालकाने तपासणीच्या आधीच कपडे अडकवायच्या हँगरची तार घातली होती. या कामात हटकून होणारी चूक ती हीच. ताठ तार वळणावर वळत नाही. ती नळीला भोक पाडते किंवा वरच्या जोडातून निसटवते. इथे नळी निसटली होती. खाली पडणारी टिपटिप होती तेवढीच, बाकीचं पाणी पत्र्याच्या पोकळीत उतरून दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पोकळ पत्र्याच्या पेटीत, जात होतं. म्हणजे गालिचा कोरडा, मालक खूश आणि गाडी आतून सडतेय. तुंबलेल्या नळीपेक्षा निसटलेली नळी वाईट, ती यासाठी. परत बसवायला खांबावरचं प्लास्टिक, मागचा गालिचा आणि पन्हाळीच्या टोकाचे बोल्ट सोडावे लागले. एक अख्खा शनिवार गेला, पैसे मात्र लागले नाहीत. जोरदार कॉम्प्रेसरची हवा मारूनही नळी अशीच निसटते, म्हणून हवा मारायचीच असेल तर खालच्या तोंडातून आणि हळू.

नळ्या वाहत्या झाल्यावरच छतावर पाइपने पाणी सोडायचं. आधी सोडलं तर कुठली गळती कुठली ते कळत नाही. फरशीवर कोरडी वर्तमानपत्रं अंथरली आणि पाणी खालून वर नेलं: आधी मागची कड, मग खिडकीची चेन, मग बाजूच्या काचा, शेवटी विंडस्क्रीनवरची आडवी पट्टी. प्रत्येक जागी पाच मिनिटं. डाव्या काचेच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक ओघळ आला. कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यात धरून ओढून पाहिली: उजवीकडे ती अडत होती, डावीकडे सुळकन निघत होती. रबर ठीक होतं, छताच्या लॅचची पकड ढिली होती. ती थोडी आवळल्यावर पट्टी अडायला लागली. सगळी रबरं साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. पेट्रोलियमवर बनलेलं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं.

छताची फाट? तिच्यातून पाणी येत होतं, पण थेंबाथेंबाने, आणि ते सीटच्या खांद्यावर पडत होतं. गालिच्याशी तिचा संबंध नव्हता.

गालिच्याखाली

ओला गालिचा वरून वाळवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्याच्या पाठीला जाड नमदा असतो, तो स्पंजासारखा पाणी धरतो. प्रत्येक सीटचे १४ मिमीचे चार बोल्ट काढून सीटा बाहेर घेतल्या, गालिचा उचलून खाली लाकडी ठोकळे ठेवले आणि पंखा लावला. पूर्ण वाळायला सहा दिवस गेले. बऱ्याच १.६ गाड्यांत इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) सहप्रवाशाच्या पायाशी, गालिच्याखाली पत्र्याच्या झाकणामागे असतो. म्हणून ओल पुढे सरकलीय का ते आधी पाहिलं. नव्हती. पुढचा गालिचा ओला असता तर मात्र पन्हाळीकडे न जाता हीटरच्या कोअरकडे, म्हणजे त्याच्या छोट्या रेडिएटरकडे, बघावं लागलं असतं. तिथलं पाणी चिकट असतं आणि त्याला कूलंटचा गोडसर वास येतो.

डिकीतही एक गोष्ट सापडली. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. मुळात तिथे सीलबंद एजीएम (आत आम्ल गादीत शोषून ठेवलेली) बॅटरी येते, तिला वाफा बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडलेल्या असतात. आधीच्या कुणीतरी साधी बॅटरी बसवून नळ्या लोंबत्या सोडल्या होत्या. चार्ज होताना निघणारी आम्लाची वाफ बंद डिकीतच फिरत होती आणि बॅटरीखालचा रंग फुगला होता. अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून जागा धुतली. फेस थांबेपर्यंत धुवायचं, मग तारेचा ब्रश, गंजरोधक प्रायमर, रंग. बॅटरी बदलायला पैसे नव्हते, पण तिच्या झाकणाला वाफेचं तोंड होतं, त्यात नळी बसवून ती जुन्या भोकातून खाली काढली. तसं तोंड नसतं तर बॅटरी बदलणं टाळता आलं नसतं.

सिल: इथे काटकसर चालत नाही

कडक छताच्या गाडीत वजन छतही पेलतं. कन्व्हर्टिबलमध्ये ते काम दाराखालच्या सिल करतात. त्यामुळे सिलमधला गंज हा दिसण्याचा प्रश्न नसतो. या गाड्या सडतात त्या हमखास मागच्या चाकाच्या पुढच्या वीतभर पट्ट्यात. निसटलेल्या नळीचं पाणी तिथेच साचतं आणि सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात.

उजव्या सिलवर रंगाचे फोड होते. चाचण्या तीन केल्या. कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. पुटीवर ते धरत नाही, इथे सगळीकडे धरलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं, आवाज टणक होता, फोडाजवळच किंचित बद्द. मग पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या लोखंडी तुळईखाली) आणि मागे डिफरेन्शियलखाली (मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याखाली) जॅक लावून गाडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, घेतली आणि दार उघडून-मिटून पाहिलं. सिल पोकळ झाल्या असतील तर गाडी मध्ये झोल खाते, दाराच्या वरच्या कडेची फट मिटते आणि दार अडकतं. इथे फट हलली नाही. तळाच्या भोकांतून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घातला: तांबूस थर होता, आतली भिंत शाबूत.

पत्रा आरपार गेला असता तर वेल्डिंगशिवाय मार्ग नव्हता आणि बाकी सगळी यादी बाजूला ठेवावी लागली असती. वर पुटी मारून रंग देणारे भेटतात. त्यांच्या हातची गाडी आणखी दोन पावसाळे चांगली दिसते, एवढंच. इथे भोकं मोकळी केली, आठवडाभर सिल वाळू दिल्या आणि लांब नळीच्या फवाऱ्याने आत मेण मारलं, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर ओल आतच कोंडली जाते. बाहेरचे फोड घासून प्रायमर लावला, रंग नंतर.

पैशांची वाटणी

छत यादीतून उतरल्यावर शंभर वाट्यांची विभागणी अशी झाली. टायर ३०, टायमिंग बेल्ट-वॉटर पंप-सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) २०, ब्रेक १४, तेलं आणि फिल्टर ८, क्लचचे सिलिंडर ७, छताची डागडुजी आणि सिलचं मेण ६, प्लग आणि वायरी ५. उरलेले १० अडीनडीला. टायरचा आकडा मालकाला खटकला, कारण नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक होती. पण बाजूवरच्या तारखेच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, त्या हिशेबाने टायर अकरा वर्षांचे निघाले आणि बाजूला केसासारख्या चिरा होत्या. हलकी, मागच्या चाकांना जोर असलेली गाडी, ओला रस्ता आणि कडक झालेलं रबर. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. १८५/६० आर१४ मापाचे चार घेतले, चाकाचे नट टॉर्क पान्याने ११० न्यूटन-मीटरला आवळले.

ब्रेक

मागचं डावं चाक गरम होत होतं आणि हँडब्रेक वर ओढूनही गाडी उतारावर सरकत होती. दोन्हींचं मूळ एकच: कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जाम. पिना बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने गंज उतरवला, नवे रबरी बूट, ब्रेकला चालणारं सिलिकॉन ग्रीस.

मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने दाबायचा नसतो. त्याच्या पोटात हँडब्रेकचा स्क्रू आहे; जोर लावला तर ती यंत्रणा मोडते आणि अख्खं कॅलिपर बदलावं लागतं. कॅलिपरच्या मागे १४ मिमीच्या डोक्याचा एक झाकणबोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. उलटं फिरवलं की पिस्टन आत जातो, नवे पॅड बसवून सुलटं फिरवलं की बाहेर येतो. पॅड डिस्कला घट्ट लागेपर्यंत फिरवायचं आणि मग तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. बोल्ट परत लावायचा. एवढं झाल्यावर हँडब्रेकची केबल न आवळताच पकड आली. लोक उलट करतात, आधी केबल ओढतात. मग पॅड सतत घासतात, चाक तापतं आणि पंधरा दिवसांत तक्रार परत दारात.

ब्रेक ऑईल काळं होतं. डॉट ४, एक लिटर पुरलं, क्लचसुद्धा त्यात भागला. क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सकडचा) धुळीचं रबर मागे सारल्यावर आत ओल दिसली. स्लेव्ह एकटा बदलला तर बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत मास्टर (पेडलकडचा) गळायला लागतो, म्हणून दोन्ही एकदम.

इंजिन

या १.६ इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. त्यामुळे बेल्ट पुढे ढकलायचा मोह होतो. ढकलला नाही, कारण बेल्टमागचा वॉटर पंप आणि सील गळत होते आणि तेवढंच उघडण्याचे कष्ट दोनदा घेण्यात शहाणपण नव्हतं. बदलण्याचं अंतर साधारण एक लाख किमी, आणि नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

पुढची पुली आधी मोजून घ्यावी. अगदी सुरुवातीच्या, १९९१च्या पूर्वार्धापर्यंतच्या इंजिनांना क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं नाक आखूड आहे. त्यांच्या पुलीला चार खाचा दिसतात. त्यांत मधला बोल्ट ढिला राहिला तर पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते आणि क्रँकच निकामी होतो. या गाडीला आठ खाचा, म्हणजे लांब नाक. मधला बोल्ट परत आवळताना साधारण १६० न्यूटन-मीटर. गाडी पाचव्या गिअरमध्ये, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर. आखूड नाकाला हा आकडा चालत नाही, त्याचा टॉर्क बराच कमी आहे.

बेल्ट चढवताना वरच्या दोन पुल्यांवरच्या ‘आय’ आणि ‘ई’ या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात आले पाहिजेत. खुणेच्या दातापासून मोजायचं की पुढच्या, यात लोक चुकतात. जुना बेल्ट काढायच्या आधी दोन्ही पुल्यांवर आणि बेल्टवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारून ठेवल्या की प्रश्न उरत नाही. ताणाच्या स्प्रिंगने बेल्ट ताणल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा परत पाहायच्या. इथे पहिल्या खेपेला एक दात सरकलेला निघाला. स्टार्टर मारून पाहू, असं म्हटलं असतं तर इंजिन चाललं असतं, पण ओढ मेली असती आणि दोष प्लगच्या वायरींना गेला असता.

मागच्या बाजूने, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, तेल ठिबकत होतं. मालकाला कुणीतरी क्रँकचं मागचं सील सांगितलं होतं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. वर बोट फिरवल्यावर तेलाचा माग इंजिनच्या डोक्यामागच्या कॅम अँगल सेन्सरपासून (ठिणगीची वेळ ठरवायला कोन मोजणाऱ्या सेन्सरपासून) निघालेला दिसला. त्याची ओ-रिंग (रबरी गोल कडी) टणक होऊन बसली होती. सेन्सर एका बोल्टवर आहे. काढण्याआधी जागेची खूण करायची, कारण तो फिरला की इग्निशनचं टायमिंग फिरतं. नवी रिंग, तेलाचं बोट, परत खुणेवर. टायमिंग दिव्याने १० अंशांवर पक्कं केलं. त्या वेळी डायग्नोसिसच्या डब्यात ‘टेन’ आणि ‘जीएनडी’ वायरीने जोडावे लागतात, नाहीतर ईसीयू स्वतःच टायमिंग हलवत राहतो. सगळ्या यादीत सर्वांत कमी पैशांची वस्तू ही रिंग, आणि तिने सर्वांत मोठं काम वाचवलं.

मग अडीनडीचे दहा वाटे गेले. रेडिएटरची वरची टाकी मुळात काळी असते. ही शेवाळी-तपकिरी झाली होती, म्हणजे प्लास्टिक ठिसूळ झालेलं. एखादा मोसम निघेल असा अंदाज होता. जुना होस पिळून काढताना टाकीच्या तोंडाशी चर्र झालं, प्लास्टिक चिरलं. नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, आणि ६ लिटर कूलंट. खरं तर रंग पाहूनच तो यादीत यायला हवा होता, ही आखणीतली चूक.

बाकीचं पटापट: गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४ दोन लिटर, डिफरेन्शियलला जीएल-५ साधारण ६५० मिली. दोन्हीकडे आधी भरायचा बोल्ट सुटतो का पाहायचं आणि मगच तळाचा काढायचा. बीकेआर६ई-११ प्लग, फट १.१ मिमी, आणि नव्या वायरी. चढावर बसणारे झटके तेवढ्याने गेले. थंड असताना येणारी टकटक हायड्रॉलिक टॅपेटची (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तुकड्यांची) होती, चांगलं तेल घातल्यावर ती काही सेकंदांवर आली.

शेवटी छत

फाट सांध्याच्या कोपरावर होती. कापड तिथे का फाटतं, तर छत मिटताना कापडाला आत ओढून घेणारी इलॅस्टिकची पट्टी तुटलेली असते आणि कापड लोखंडी कोपरात चिमटतं. ठिगळ लावून पट्टी तशीच सोडली तर ठिगळही फाटणार. शिंप्याकडून त्याच रुंदीचं इलॅस्टिक शिवून घेतलं. व्हिनाईलचा तुकडा फाटीच्या चहूबाजूंनी २५ मिमी मोठा, कोपरे गोल. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लवचीक राहणारा व्हिनाईलचा गोंद लावला आणि ठिगळ आतून चिकटवलं, दोन फळ्यांत चोवीस तास दाबून, छत बंद आणि ताणलेलं ठेवून. मिटलेल्या छतावर चिकटवलं तर बंद करताना ते ओढून सुटतं.

मागच्या प्लास्टिकच्या खिडकीवर घडीच्या जागी पांढरी रेघ होती. छत उघडण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट खाली ठेवायची, ही सवय आधीच्या मालकाला नसावी. थंडीत हे जास्तच जपायचं, प्लास्टिक काचेसारखं तडकतं. प्लास्टिकच्या पॉलिशने पिवळेपणा थोडा उतरला, मागून येणाऱ्या गाडीचे दिवे आता गोल दिसतात, धुरकट ढग नाही. कापड धड असल्यामुळे पुढे पैसे जमले की फक्त खिडकी नवी शिवून घेता येईल, छत नको.

आठ आठवड्यांनी हिशेब शंभराला एकने ओलांडत होता. सिलचा रंग राहिला आहे, बॅटरी पुढच्या थंडीत जाईल. पन्हाळीच्या दोन्ही भोकांत परत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतलं तेव्हा दोन्हीकडून सारखी धार पडली आणि नव्याने अंथरलेली वर्तमानपत्रं कोरडीच उचलली गेली.